भाचा म्हणतो फ्रीबीएसडी, पार्टनर म्हणतो विंडोज

पत्र: ताई नमस्कार. आमचा भांडुप पश्चिमेला केबलचा धंदा होता, आता स्वतःचं आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवायचं, लायसन्स आहे, २,२०० कनेक्शन आहेत. दुकानाच्या पोटमाळ्यावर दोन सर्व्हर आहेत, दोन्हीवर ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) सेंटओएस ७. एकावर गिऱ्हाईकाचं लॉगिन तपासणारं रेडियस आणि बिलिंग, दुसऱ्यावर वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारं डीएनएस आणि लॉग, म्हणजे कोण कधी कुठल्या आयपीवर होतं त्याच्या नोंदी. ज्या मुलाने हे सगळं बसवलं तो दुबईला गेला. आता नवीन सर्व्हर घेतोय तर घरातच वाद लागलाय. भाचा नुकताच बीएस्सी आयटी झालाय, तो म्हणतो फ्रीबीएसडी टाका, नेटफ्लिक्स तेच वापरतं. पार्टनर म्हणतो विंडोज सर्व्हर घ्या, सगळ्यांना येतं. बिलिंग सॉफ्टवेअरवाला म्हणतो उबंटू. माझं विचाराल तर आहे ते चालतंय, कशाला हात लावायचा? तुम्ही सांगाल ते करू.
– भांडुपचा एक केबलवाला

दादा, नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाट बघायला नको. डेबियन टाका, सेंटओएस आणि उबंटूसारखंच तेही लिनक्स. स्टेबल व्हर्जन, आत्ताचं १३, दोन्ही मशीनवर तेच, आणि उद्या तिसरं मशीन आलं तर त्यावरही तेच. बिलिंगवाला अगदीच हटून बसला की उबंटूशिवाय सपोर्ट देणार नाही, तर उबंटूचं एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन, घ्या, त्यासाठी भांडत बसू नका. पण मग दोन्ही मशीनवर उबंटू. एकावर हे आणि दुसऱ्यावर ते असं नको.

आता कारणं सांगते, आणि सुरुवात तुमच्यापासूनच करते, कारण पत्रातल्या चार मतांपैकी मला सगळ्यात जास्त भीती तुमच्या मताची वाटली. "चालतंय" हे खरं आहे, सेंटओएस ७ दगडासारखं उभं राहतं, मी स्वतः ते कित्येक वर्षं चालवलंय आणि त्याने मला कधी रडवलं नाही. पण ३० जून २०२४ ला त्याचे अपडेट बंद झाले. आणि त्यानंतर बरोबर ९ दिवसांनी, ९ जुलैला, रेडियसमधलीच एक मोठी खोट जगजाहीर झाली, तिला ब्लास्ट-रेडियस म्हणतात. गिऱ्हाईकाचा पासवर्ड बरोबर की चूक हे तुमचा रेडियस तुमच्या राउटरला जे कळवतो ना, त्या निरोपावर एमडी५ नावाची जुनी मोहर असते, ती मोहर आता बनावट करता येते. म्हणजे जो माणूस राउटर आणि रेडियसच्या मधल्या वाटेवर बसलाय तो "नाही" चं "हो" करू शकतो, आणि त्यासाठी त्याला तुमचा शेअर्ड सीक्रेट, म्हणजे राउटर आणि रेडियसमधला गुप्त शब्द, माहीत असायचीही गरज नाही. यावरचा इलाज फ्रीरेडियसने लगेच काढला, नव्या व्हर्जनमध्ये तो आहे, डेबियन १३ सोबत जे फ्रीरेडियस येतं त्यातही आहे. तुमच्या पोटमाळ्यावर मात्र तो आपणहून पोचणार नाही, कारण पाठवणारं कोणी उरलेलं नाही.

घाबरून जाऊ नका, यासाठी कोणालातरी तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये शिरावं लागतं, रस्त्यावरून जाता जाता कोणी हे करत नाही. पण तुमचं आतलं नेटवर्क म्हणजे भांडुपच्या गल्ल्यांमधले खांब, गच्च्या आणि जिन्याखालच्या पेट्या, ज्यांची कुलपं अर्धी गंजलेली असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून आजच्या आज एक काम करा, राउटर ते रेडियस हा रस्ता वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच वायरांवरच्या वेगळ्या बंद नेटवर्कवर, घ्या, गिऱ्हाईकाचं ट्रॅफिक त्यावर अजिबात नको. याला नवीन सर्व्हर लागत नाही, भाचा अर्ध्या तासात करेल.

आता भाच्याकडे येते. पोरगा हुशार दिसतोय आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. नेटफ्लिक्सच्या ज्या पेट्या आयएसपींकडे बसवलेल्या असतात त्या फ्रीबीएसडीवरच चालतात आणि त्यांच्या इंजिनियर लोकांनी एका सर्व्हरमधून ४०० गिगाबिट बाहेर काढून दाखवलंय. पण त्याला विचारा, आपल्या सर्व्हरमधून किती जातं? गिऱ्हाईक बघतो ते सगळं ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून जातं, सर्व्हरमधून नाही. सर्व्हर फक्त सांगतो की हा आपला माणूस आहे, याचं पॅकेज १०० एमबीपीएस, याचं रिचार्ज संपलंय, हे नाव या आयपीवर आहे. २,२०० कनेक्शनसाठी हे काम इतकं हलकं आहे की लिनक्स, फ्रीबीएसडी, कोणीही ते झोपेत करेल, वेगाचा प्रश्नच इथे येत नाही. आणि नेटफ्लिक्सकडे फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, काम करणारी माणसं पगारावर आहेत, आपल्याकडे एक भाचा आहे.

इथे मला माझा एक दिवस सांगायचाय. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी १० च्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या, तुम्हालाही आठवत असेल. मी तेव्हा मुलुंडच्या एका छोट्या आयएसपीत होते. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या, जनरेटर होता पण लाइन त्यावर घ्यायच्या आधीच रेडियसची मशीन धाडकन बंद पडली. त्या मशीनवर फ्रीबीएसडी होतं. आमच्या आधीच्या सीनियरने बसवलेलं, अतिशय नीटनेटकं, इतकी वर्षं कोणी तिच्याकडे बघितलंही नव्हतं, म्हणजे बघायची वेळच तिने आणली नव्हती. दुपारी लाइट यायला लागली, सगळं सुरू झालं, आणि ही मशीन मात्र सुरू होईना. काळा स्क्रीन, त्यावर इंग्रजीत एक ओळ की डिस्कमध्ये गडबड आहे, हाताने तपासणी चालवा, आणि खाली शेलचा पाथ द्या नाहीतर रिटर्न दाबा असं काहीतरी. आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही लिनक्स येत होतं, चांगलं येत होतं. पण डिस्कचं नाव इथे वेगळं, सर्व्हिसेस जिथे शोधायच्या ती फाइल वेगळी, आणि त्या रिटर्नचं बटण दाबलं तर काय होईल, सगळा डेटा तर जाणार नाही ना, या भीतीने कोणी हात लावेना.

आणि लाइट गेल्यावर नेमकं काय होतं ते बघा. नुसता रेडियस बंद पडला तर ज्यांचं सेशन चालू आहे त्यांचं चालू राहतं, फक्त नवीन लॉगिन अडतं, कोणाला फारसं कळतही नाही. पण लाइट जाऊन येते तेव्हा प्रत्येक घरातला राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, म्हणजे सगळेच्या सगळे एकदम दारात येऊन उभे राहतात. लॉकडाऊनचे दिवस, घराघरात वर्क फ्रॉम होम, पोरांची शाळा मोबाइलवर. फायबर व्यवस्थित, अपलिंक व्यवस्थित, आणि नेट कोणाचंच नाही. फोन खाली ठेवला की वाजत होता. सीनियर कोकणात गावी, तिथे रेंज नाही, त्याचा फोन लागेपर्यंत ३ तास गेले. तो म्हणाला, रिटर्न दाब, एफएससीके ही डिस्क तपासायची कमांड लिही, डॅश वाय दे, आणि थांब. २० मिनिटांत मशीन उभी राहिली.

फ्रीबीएसडीची यात काही चूक नव्हती हे मी मनापासून सांगते. तिने बरोबर तेच केलं जे करायला हवं होतं, शंका आली म्हणून थांबली आणि विचारलं. उत्तर देणारं माणूस खोलीत नव्हतं, एवढंच. त्या दिवसापासून मला कोणी विचारलं की सर्व्हरवर कुठली ओएस टाकू, तर मी उलट विचारते की तुमचा मुख्य माणूस गावी गेलाय, फोन लागत नाही, तर दुसरं कोण ती मशीन उठवू शकतं? तुमच्याकडे तर हे एकदा घडून गेलंय, तुमचा पोरगा दुबईला गेला. उद्या भाच्यालाही चांगली नोकरी लागेल, लागायलाच हवी, मग पुढचा माणूस तुम्ही कुठून आणणार? ठाण्याच्या, दादरच्या क्लासमधून बाहेर पडणारी पोरं रेड हॅट आणि उबंटू शिकून येतात. डेबियन हे उबंटूचं मूळ घर, उबंटू त्यातूनच बनतं, कमांड जवळजवळ त्याच, म्हणजे ज्याला उबंटू येतं तो डेबियनवर पहिल्याच दिवशी काम करू शकतो. फ्रीबीएसडी येणारं माणूस भेटतं, पण शोधावं लागतं, आणि ते रात्री २ वाजता भांडुपला येणार नाही.

भाच्याला नाराज करू नका मात्र. त्याला जुन्या दोन सर्व्हरपैकी एक रिकामा झाला की देऊन टाका, त्यावर फ्रीबीएसडी टाकू दे, जेल्स, झेडएफएस अशा त्यातल्या खास सोयी सगळ्या शिकू दे, त्यांचं हँडबुक इतकं सुंदर लिहिलेलं आहे की ते वाचूनच माणूस शहाणा होतो. मी त्यातूनच शिकले, त्या ऑक्टोबरनंतर. ज्या दिवशी ऑफिसात ते येणारी दोन माणसं असतील त्या दिवशी पुन्हा विचार करू.

पार्टनरसाठी थोडक्यात. विंडोज सर्व्हरमध्ये रेडियसचं काम करणारी सोय आहे, नाही असं नाही. पण लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं, वर क्लायंटची लायसन्सं वेगळी, आणि तुमचं बिलिंग लिनक्सवरच्या फ्रीरेडियसशी बोलायला बनवलेलं आहे हे बिलिंगवाल्याच्या उत्तरावरूनच दिसतंय. "सगळ्यांना येतं" म्हणजे सगळ्यांना माऊस फिरवता येतो, सर्व्हर चालवता येतो असं नाही. खाली काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि टॅली असू दे, तिथे ते शोभतं.

आता डेबियनच का, सेंटओएसच्याच कुळातले रॉकी किंवा अल्मा का नाही, कारण सेंटओएसवाल्याने खरं तर तिकडेच जायला हवं. यामागे एक जखम आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं सांगितलं होतं, त्यावर विश्वास ठेवून लोकांनी मशीनी बदलल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीलाच बंद. सात वर्षांहून जास्त काळ एका घोषणेत गेला. त्यातूनच अल्मा आणि रॉकी जन्माला आले, दोन्ही २०२१ चे, दोन्ही चांगले, अल्मा ९ ला २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत. बिलिंगवाला जर म्हणाला असता की फक्त रेड हॅटच्या कुळातलंच चालेल तर मी डोळे झाकून अल्मा सांगितलं असतं. पण डेबियन १९९३ पासून आहे आणि ते कोणत्याही कंपनीचं नाही, त्यामुळे एका बोर्डरूममध्ये बसून कोणी त्याची तारीख अलीकडे ओढू शकत नाही. व्हर्जन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, ३ वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे एलटीएसची २, म्हणजे जून २०३० पर्यंतची सोय झाली. ही तारीख दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, आणि २०२९ ची दिवाळी झाली की पुढच्या व्हर्जनचं काम काढा.

लोक म्हणतात डेबियन स्टेबलमध्ये सगळं जुनं असतं. हो, असतं, आणि सर्व्हरसाठी मला ते आवडतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घालून ठेवलेला सापडला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायच्या सोयीचं, लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं आणि तो त्याच्या मागे लागला म्हणून ते उघड झालं. तो चोरदरवाजा डेबियनच्या चाचणीच्या शाखांमध्ये पोचला होता, स्टेबलमध्ये पोचला नव्हता, कारण तिथे नवीन माल लगेच येतच नाही. सिक्युरिटीचे अपडेट तेवढे येतात. ते आपोआप बसायची सोय चालू करा, त्या पॅकेजचं नाव अनअटेंडेड अपग्रेड्स, फक्त मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही एवढं बघा, रीस्टार्ट महिन्यातून एकदा तुम्ही ठरवून पहाटे करा.

ओएसवर एवढा वाद झाला पण ज्या गोष्टीने तुम्ही खरंच अडचणीत याल तिच्याबद्दल पत्रात फक्त एक शब्द आहे, "लॉग". दादा, हे जरा नीट वाचा. तुमच्याकडे २,२०० घरं आणि पब्लिक आयपी बहुतेक २५६ चा एक ब्लॉक, म्हणजे बरीच घरं एका आयपीच्या मागे बसलेली. उद्या पोलिसांचं पत्र येतं की अमुक आयपीवरून अमुक तारखेला अमुक वाजता फसवणूक झाली, माणूस सांगा. त्या क्षणी त्या आयपीवर अनेक घरं आहेत. पोर्ट नंबर (एका आयपीमागचं नेमकं कुठलं कनेक्शन ते दाखवणारा आकडा) आणि अचूक वेळ नसेल तर तुम्ही सांगूच शकत नाही, आणि अंदाजाने सांगितलं तर भलत्याच घराची बेल वाजेल, त्या घरातल्या म्हाताऱ्या आईबापाचं काय होईल विचार करा. हे रेकॉर्ड किमान २ वर्षं ठेवायचं हे लायसन्सच्या अटीत डिसेंबर २०२१ मध्ये आलंय, आधी १ वर्ष होतं. तुमचं लायसन्स काढून ती अट स्वतः वाचा, नवीन डिस्क किती मोठी घ्यायची हे त्यावरून ठरणार आहे.

प्रत्येक कनेक्शनची एक ओळ लिहीत बसलात तर डिस्क पुरणार नाही, एकेका मोबाइलवरून दिवसाला हजारो कनेक्शन उघडतात. त्यापेक्षा राउटरवर पोर्टचे गठ्ठे वाटा. एका आयपीला वापरण्याजोगे साधारण ६४,५०० पोर्ट असतात, प्रत्येक घराला २,०१६ चा एक गठ्ठा दिला तर एका आयपीवर ३२ घरं बसतात, २,२०० घरांना जेमतेम ७० आयपी लागले, तुमच्याकडे २५६ आहेत, म्हणजे आरामात. मग गठ्ठा कोणाला कधी दिला आणि कधी परत घेतला एवढ्याच दोन ओळी लिहाव्या लागतात आणि डोंगराचा उंदीर होतो. तुमच्या राउटरमध्ये ही सोय आहे का आणि अशा नोंदीने लायसन्सची अट पूर्ण होते का, हे दोन्ही राउटरवाल्याकडून आणि तुमचे लायसन्सचे कागद बघणाऱ्या माणसाकडून आधी लेखी घ्या, मगच बदल करा.

आणि घड्याळ! सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस देशात ठेवायला आणि सायबर हल्ला झाला तर ६ तासांत कळवायला सांगितलंय. डेबियनवर घड्याळ जुळवणारं क्रोनी टाका, त्यात या संस्थांचे वेळेचे सर्व्हर लिहा, आणि राउटर, रेडियस, लॉग सगळे एकाच टाइमझोनवर ठेवा. मी एका ठिकाणी बघितलंय, राउटर भारतीय वेळेवर आणि लॉग सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ५ तास ३० मिनिटांचा फरक आणि कोणाच्या लक्षात नाही. तिथून जी नावं तोवर दिली गेली असतील त्यांचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

डीएनएसचं सोपं आहे. दोन्ही मशीनवर अनबाउंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर टाका, उत्तर फक्त आपल्या गिऱ्हाईकांच्या आयपींना द्यायचं असं त्यात लिहा, जगाला उघडं ठेवलंत तर तुमचा सर्व्हर वापरून दुसऱ्यावर हल्ले करतील. दोन्ही मशीन एकाच यूपीएसवर नकोत. नवीन सर्व्हर घेताना दोन एसएसडी आरशासारख्या जोडून घ्या, लाइट गेल्यावर हातातलं लिहून संपवणाऱ्या ज्या सर्व्हरच्या एसएसडी येतात त्या, साध्या कॉम्प्युटरच्या नकोत, इथे पैसे वाचवू नका. आणि नट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, यूपीएसची वायर सर्व्हरला जोडली की बॅटरी संपत आल्यावर ते मशीन व्यवस्थित बंद करतं. १२ ऑक्टोबरला आमच्याकडे एवढं एक असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

बदली कशी करायची ते सांगते. जुन्या मशीनवर चढवून अपग्रेड करायच्या भानगडीत पडू नका, नवीन मशीन शेजारी उभी करा. डेटाबेसची कॉपी नवीनवर चढवा आणि अकाउंटिंगचं, म्हणजे कोण कधी जोडला गेला त्या नोंदींचं, टेबल बघा, इतक्या वर्षांत ते फुगलेलं असणार, जुन्या नोंदी वेगळ्या काढून नीट जपून ठेवा, पुसू नका. राउटरमध्ये रेडियसचे दोन पत्ते देता येतात, आधी नवीन मशीन दुसऱ्या नंबरला लावा. मग एखादी बिल्डिंग निवडा, शक्यतो ओळखीची, जिथे सेक्रेटरी तुम्हाला शिव्या न देता फोन करेल, आणि तेवढीच नवीनवर टाका. आठवडाभर बघा. महिन्याच्या १ ते १० तारखेला अजिबात नको, रिचार्जची गर्दी असते, गणपतीत नको, मॅचच्या दिवशी नको. मधल्या एखाद्या मंगळवारी पहाटे ३ ला बाकीचे हलवा आणि जुनी मशीन तशीच महिनाभर बाजूला चालू ठेवा. ब्लास्ट-रेडियसची जी सेटिंग आहे, मेसेज ऑथेंटिकेटर सक्तीचा करायची, ती सर्व्हर आणि राउटर दोन्हीकडे लागते, राउटरचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर आधी ते अपडेट करा, नाहीतर सगळ्यांचं लॉगिन अडेल आणि तुम्ही म्हणाल ताईने वाटोळं केलं.

हे सगळं चालू असताना भाच्याला एक वही द्या, कागदाची, दोनशे पानी. कुठल्या मशीनवर काय आहे, कुठली सर्व्हिस कशी चालू करायची, बॅकअप कुठे आहे आणि तो परत कसा चढवायचा, सगळं मराठीत हाताने लिहायला सांगा, कमांड इंग्रजीत. पासवर्ड मात्र वहीत नको, ते पाकिटात बंद करून तुमच्या घरच्या कपाटात. वही पोटमाळ्यावरच दोरीने बांधून ठेवा.

आणि नवीन मशीनवर ती एक बिल्डिंग आठवडाभर नीट चालली की रविवारी पहाटे पार्टनरला पोटमाळ्यावर बोलवा, त्या मशीनचा प्लग त्याच्याच हाताने काढायला सांगा, आणि वही बघून ती परत उभी करायलाही त्यालाच सांगा. भाच्याला त्या दिवशी घरी झोपू दे, फोन बंद करून. पार्टनर जिथे अडेल ते पान भाच्याकडून सोमवारी पुन्हा लिहून घ्या.